बियाणे खाजगी, कीड सामाईक

कपाशीचे जे फूल उमलण्याच्या दिवशी उमलत नाही, ज्याच्या पाकळ्या आतून विणलेल्या सूक्ष्म धाग्यांनी एकमेकींस जखडलेल्या राहतात आणि जे पिळवटलेल्या कळीच्या रूपानेच झाडावर टिकून राहते, त्यास वऱ्हाडातील शेतकरी डोमकळी म्हणतो. ती तोडून पाकळ्या अलग केल्या, म्हणजे आत पुंकेसर खात बसलेली गुलाबी बोंडअळी दृष्टीस पडते. हंगामाच्या पहिल्या टप्प्यात ही कीड एवढा तरी सुगावा देते. बोंडे धरू लागली की तोही देत नाही. अंड्यातून नुकतीच बाहेर पडलेली अळी सहज न दिसणाऱ्या छिद्रावाटे कोवळ्या बोंडात शिरते, ते छिद्र बोंडाच्या वाढीबरोबर बुजून जाते, आणि बाहेरून हिरवेगार व टणक दिसणाऱ्या त्या बोंडाच्या पोटात ती सरकीमागून सरकी पोखरीत, एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात जात, रुई पिवळट डागांनी नासवीत राहते. वेचणीच्या वेळी बोंड धड फुटत नाही, कापसाची कवडी होऊन बसते, तेव्हा कोठे नुकसानीचा खरा अंदाज शेतकऱ्यास येतो. आणि तोवर फवारणीवर घातलेला पैसा वाया गेलेला असतो, कारण बोंडाच्या आत बसलेल्या अळीपर्यंत कोणताही फवारा पोहोचत नाही.

पिकांच्या संरक्षणासाठी जैवतंत्रज्ञानाचा अवलंब करावा की करू नये, हा वाद आपल्याकडे गेली पंचवीस वर्षे चालू आहे. परंतु तो बहुधा ज्या अमूर्त पातळीवर चालतो, तेथे या फोडलेल्या बोंडाचे स्मरण क्वचितच ठेवले जाते. जी कीड वनस्पतीच्या अंतर्भागात राहून आपला निर्वाह करते, तिच्यावरचा उपायही वनस्पतीच्या अंतर्भागातच असावा लागतो, ही या तंत्रज्ञानामागची मूळ कल्पना होय; आणि ती मला आजही निर्दोष व अत्यंत सुंदर वाटते. ती कल्पना व्यवहारात उतरवताना आपण जे केले, त्याचा विचार मात्र वेगळा करावा लागतो.

ज्या जीवाणूच्या आधारे हा उपाय निघाला तो प्रयोगशाळेत निर्माण झालेला नाही. १९०१ साली जपानात इशिवाता शिगेताने या शास्त्रज्ञास तो रेशीमकिड्यांच्या रोगाचा शोध घेताना आढळला. पुढे १९११ च्या सुमारास जर्मनीतील एर्न्स्ट बर्लिनर यांस तोच पिठातल्या पतंगाच्या अळीत सापडला आणि थुरिंगिया प्रांताच्या नावावरून त्यांनी त्याचे ‘बॅसिलस थुरिंजिएन्सिस’ असे नामकरण केले. त्याचीच आद्याक्षरे आज ‘बीटी’ या रूपाने खेड्यापाड्यांतील कृषी केंद्राच्या पाटीवर दिसतात. हा जीवाणू एका विशिष्ट प्रथिनाचे स्फटिक बनवितो. अळीच्या आतड्यातील द्रव अल्कधर्मी असल्यामुळे तो स्फटिक तेथे विरघळतो, तेथील पाचक रसांनी त्याचे तुकडे होऊन विषारी अंश मोकळा होतो, आतड्याच्या आवरणावरील ठराविक ग्राहक-प्रथिनांस तो चिकटतो, त्या आवरणाला छिद्रे पडतात, अळी खाणे सोडते आणि दोन-तीन दिवसांत मरते. मनुष्याच्या वा गुराढोरांच्या जठरातील द्रव आम्ल असतो आणि तसली ग्राहक-प्रथिने त्यांच्या आतड्यांत नसतात. फ्रान्समध्ये १९३८ पासून या जीवाणूची भुकटी कीटकनाशक म्हणून विकली जात असे, आणि सेंद्रिय शेतीचे कट्टर पुरस्कर्तेही तिचा वापर निषिद्ध मानीत नाहीत. त्या प्रथिनाचा संकेत धारण करणारे जनुक कपाशीच्या पेशीत घालणे, एवढीच पुढची पायरी होती.

ती पायरी ओलांडण्याची निकड किती होती, हे १९८० नंतरच्या दोन दशकांचा इतिहास पाहिल्यावाचून कळणार नाही. कृत्रिम पायरेथ्रॉइड वर्गातील औषधे बाजारात आली तेव्हा प्रथम चमत्कार झाल्यासारखे वाटले. परंतु काही वर्षांतच अमेरिकन बोंडअळी त्यांस दाद देईनाशी झाली. १९८७ च्या हंगामात आंध्रमधील गुंटूर-प्रकाशम भागात पीक हातचे गेले आणि शेतकरी कर्जात बुडाले. देशातील लागवडीखालील जमिनीपैकी पाच टक्क्यांच्या आसपास जमीन कापसाखाली, आणि शेतीत वापरल्या जाणाऱ्या कीटकनाशकांपैकी जवळजवळ निम्मा खप मात्र याच एका पिकावर, अशी त्या वेळची स्थिती होती. अशा परिस्थितीत २००१ साली गुजरातेत परवानगीवाचून विकले गेलेले बीटी वाण शेतांत उभे असल्याचे उघडकीस आले, आणि २६ मार्च २००२ रोजी केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने महिको कंपनीच्या तीन संकरित वाणांस रीतसर मंजुरी दिली. २००६ साली दोन जनुकांचे ‘बोलगार्ड-२’ आले. दहा-बारा वर्षांच्या आत देशातील नव्वद टक्क्यांहून अधिक कापूस बीटी झाला. सरासरी उत्पादन हेक्टरी तीनशे किलो रुईच्या आसपास रेंगाळत होते, ते साडेपाचशे किलोच्या घरात पोहोचले. बोंडअळीवरील फवारण्या झपाट्याने घटल्या. या वाढीचे सारे श्रेय एका जनुकास देणे चुकीचे होईल, कारण त्याच काळात गुजरातेतील सिंचन, खतांचा वापर व नवी शोषक-कीडनाशके यांचाही वाटा मोठा होता. तथापि ज्या शेतकऱ्यांनी पाठीवर पंप घेऊन हंगामात पंधरा-पंधरा फवारण्या केल्या होत्या, त्यांनी या बियाण्यास जो प्रतिसाद दिला तो केवळ जाहिरातीस भुलून दिला, असे म्हणणे हा त्यांच्या बुद्धीचा अपमान होय.

यानंतर जे घडले ते फार वेगाने घडले. २००९ च्या हंगामात अमरेली, भावनगर, जुनागढ, राजकोट या जिल्ह्यांतील गुलाबी बोंडअळी पहिल्या जनुकास जुमानीत नसल्याचे आढळले व पुढील वर्षी बियाणे कंपनीनेच ते जाहीर केले. २०१४-१५ च्या सुमारास गुजरातेत दोन जनुकांचे वाणही निष्प्रभ ठरू लागले, आणि २०१७ साली विदर्भ-मराठवाड्यात या किडीने जो कहर केला त्याचे पंचनामे करताना महसुली यंत्रणा अक्षरशः थकली. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर प्राणास मुकले. ज्या बियाण्याने विषारी औषधांपासून सुटका करावयाची, तेच बियाणे घरोघर पेरले गेले असताना हे मृत्यू घडले, हे विसरून या विषयावर कोणीही लिहू नये.

या वृत्तांतावरून दोन निष्कर्ष काढण्याची आपल्याकडे प्रथा पडली आहे. एका पक्षाच्या मते तंत्रज्ञान मुळातच घातक व निसर्गविरोधी होते, म्हणून ते कोसळले. दुसऱ्याच्या मते तंत्रज्ञान उत्तमच होते, सरकारने किमतींवर नियंत्रणे घालून व नव्या वाणांच्या परवानग्या अडवून त्याचा घात केला, आणि आता तिसरे, चौथे जनुक तातडीने आणले की प्रश्न मिटेल. परस्परांशी कडाडून भांडणाऱ्या या दोन्ही पक्षांची नजर बियाण्याच्या पिशवीवरच खिळलेली आहे, आणि पिशवीच्या आत काय आहे एवढ्यावरच ते निकाल देतात. माझे म्हणणे असे की, या प्रकरणात जी मौल्यवान वस्तू खर्ची पडली ती पिशवीत नव्हतीच. अळीचे त्या प्रथिनास बळी पडणे, तिची ती भेद्यता, हीच खरी संपत्ती होती. आणि ती ना कंपनीच्या मालकीची होती, ना एकेका शेतकऱ्याच्या. गावच्या गायरानाप्रमाणे ती सर्वांची मिळून होती: कोणी किती गुरे सोडावीत याचा दंडक नसला म्हणजे गायरानाचे जे होते, तेच तिचे झाले. पतंगास सातबाऱ्यावरील सर्व्हे नंबर कळत नाहीत, बांध कळत नाही. एकाच्या शेतात निवड होऊन तयार झालेली प्रतिकारक्षम अळी पतंग होऊन रात्रीत शेजाऱ्याच्या शेतात जाते. खाजगी वस्तू म्हणून विकल्या गेलेल्या बियाण्याचे टिकाऊपण अशा सामाईक गोष्टीवर अवलंबून होते, आणि त्या सामाईक गोष्टीचा कारभार पाहणारा कोणीही नेमलेला नव्हता.

अगदीच नव्हता असे नाही. कागदावर तजवीज होती. बीटी पिकाच्या कडेने पाच ओळी किंवा एकूण क्षेत्राच्या वीस टक्के, यांपैकी जे अधिक असेल तेवढ्या भागात ‘आश्रय’ म्हणून साधी कपाशी लावावी, अशी अट मंजुरीतच घातलेली होती, आणि त्यासाठी साडेचारशे ग्रॅमच्या पिशवीसोबत १२० ग्रॅम साध्या बियाण्याची एक लहान पुडी दिली जात असे. तिच्यामागचे तर्कशास्त्र सूक्ष्म आहे. गुलाबी बोंडअळीतील प्रतिकारशक्ती बहुतांशी अप्रभावी स्वरूपाची, म्हणजे आई व बाप दोघांकडूनही तो गुण आला तरच प्रकट होणारी असते. बीटी शेतात वाचलेला एखाददुसरा प्रतिकारक्षम पतंग जर साध्या कपाशीवर पोसलेल्या असंख्य नाजूक पतंगांपैकी कोणाशी जोडी करील, तर त्यांची संतती पुन्हा बीटीस बळी पडेल. परंतु साधी कपाशीच कोठे नसेल, तर वाचलेल्यास वाचलेलाच भेटेल आणि पुढची पिढी सर्वस्वी निर्ढावलेली निपजेल. म्हणून काही झाडे अळीस खाऊ द्यावयाची, बाकीची मरू नयेत म्हणून. हा विचार शेतकऱ्यापर्यंत कोणी नेला? पुडीवर बारीक अक्षरांत छापलेल्या सूचनेखेरीज फारसे काही त्याच्यापर्यंत पोहोचले नाही. पुष्कळ ठिकाणी ती पुडी बांधावर फेकली गेली. परंतु त्याबद्दल शेतकऱ्यास दोषी धरणे मला साफ नामंजूर आहे. ज्याची एकूण जमीन चार एकर आणि तीही कोरडवाहू, ज्याने हातउसने घेऊन बियाणे आणले, त्याने पाऊण एकर पीक सबंध जिल्ह्याच्या हितासाठी किडीच्या स्वाधीन करावे आणि त्याची भरपाई कोणी करू नये, ही अपेक्षा अमेरिकेतील हजार एकरांच्या मालकासाठी आखलेली होती. ती जशीच्या तशी येथे आणून चिकटविणाऱ्यांनी विदर्भाचे पेरेपत्रक कधी उघडून पाहिले नसावे.

आणि तरीही एक आश्रय या शेतकऱ्याने, कोणी न सांगता, पूर्वापार राखलेला होता. कपाशीच्या ठराविक ओळींनंतर तुरीची ओळ टाकण्याची वऱ्हाडातील चाल जुनी आहे. रब्बीत हरभरा असतो. बागायतदारांकडे टोमॅटो, भेंडी असते. अमेरिकन बोंडअळी ही बहुभक्षी कीड. हरभऱ्यावर जिला आपण घाटेअळी म्हणतो ती हीच. तूर-हरभऱ्यावर वाढलेले तिचे लक्षावधी पतंग बीटीच्या संपर्कात न आल्यामुळे नाजूकच राहिले, आणि ज्या किडीमुळे १९८७ मध्ये हाहाकार उडाला होता ती अमेरिकन बोंडअळी आजही बीटी कपाशीवर मोठे नुकसान करताना फारशी दिसत नाही. गुलाबी बोंडअळी मात्र जवळजवळ केवळ कपाशीवरच जगते. तिच्यासाठी तूर नाही, हरभरा नाही. बीटी कपाशीचा अखंड पट्टा हाच तिचा सारा मुलूख. म्हणजे एकाच जनुकास एकाच जिल्ह्यात एका किडीच्या बाबतीत यश आले आणि दुसरीच्या बाबतीत अपयश, आणि दोहोंतला फरक शेतातील पीकरचनेत होता. तंत्रज्ञानावर सरसकट निकाल देणाऱ्यांनी या एका वस्तुस्थितीवर थोडा वेळ थांबावे, असे मला आग्रहाने वाटते.

यापेक्षाही खोल गेलेली चूक बियाण्याच्या स्वरूपासंबंधी आहे. जगातील बहुतेक कापूस-उत्पादक देशांत बीटी जनुक सरळ वाणांत घातले गेले. भारतात ते जवळजवळ केवळ संकरित वाणांत आले. १९७० साली सुरतेच्या संशोधन केंद्रातून निघालेल्या ‘एच-४’ पासून संकरित कापसाची परंपरा आपल्याकडे आहे आणि तिचा अभिमानही योग्य आहे. परंतु जनुक संकरातच का अडकून पडले याचे कारण परंपरेत नसून हिशेबात आहे. सरळ वाणाची सरकी शेतकरी पुढील वर्षी पेरू शकतो, संकरिताची पेरून उपयोग नाही, म्हणून संकरित बियाणे दरसाल विकत घ्यावे लागते आणि जनुकाचे मूल्य दरसाल वसूल होते. बियाणे महाग म्हणून झाडे विरळ, हेक्टरी पंधरा-वीस हजार, जेथे अन्यत्र लाखभर असतात. झाडे विरळ म्हणून प्रत्येक झाडाने अधिक बोंडे द्यावीत यासाठी हंगाम लांबलेला. हंगाम लांबला म्हणून डिसेंबर-जानेवारीपर्यंत, आणि तेच पीक पुढे राखून फरदड घेतली तर मार्च-एप्रिलपर्यंत, गुलाबी बोंडअळीस पिढीमागून पिढी वाढविण्याची मुभा. याच्या जोडीला एक सूक्ष्म दोष आहे, ज्याकडे नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे तत्कालीन संचालक केशव क्रांती यांनी पुनःपुन्हा लक्ष वेधले. संकराच्या दोन पालकांपैकी सामान्यतः एकाच पालकाकडून जनुक आलेले असल्यामुळे त्या झाडाच्या बोंडातील सरकीत त्याची वाटणी होते: प्रत्येक चार सरक्यांपैकी साधारण एकीत ते विशिष्ट जनुक नसते, आणि दोन जनुके घेतली तरी सोळांतील एकीत दोन्ही नसतात. सरकी हेच जिचे मुख्य अन्न, त्या अळीच्या एकाच बोंडातील जेवणात काही घास विषाचे, काही अर्ध्या विषाचे व काही निर्विष. प्रतिकारशक्तीची जोपासना करण्यास याहून अनुकूल व्यवस्था मुद्दाम आखूनही साधली नसती.

चीनमधील यांगत्से नदीच्या खोऱ्यातही संकरित बीटी कापूस होता. परंतु तेथील शेतकऱ्यांनी खर्च वाचविण्यासाठी संकराच्या दुसऱ्या पिढीची सरकी पेरावयास आरंभ केला. त्यामुळे दर चार झाडांतील एक झाड संपूर्ण निर्विष निघे आणि शेतातच आपोआप आश्रय निर्माण होई. तेथे डोके वर काढू लागलेला प्रतिकार मागे हटला, हे अकरा वर्षांच्या निरीक्षणांती २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले. आपल्याकडे सरळ वाणाचा एक सार्वजनिक प्रयत्न झाला होता. नागपूरची संस्था, धारवाडचे कृषी विद्यापीठ व दिल्लीचे संशोधन केंद्र यांनी मिळून ‘बिकानेरी नरमा’ या वाणात बीटी जनुक घातल्याचे जाहीर केले आणि २००८-०९ च्या सुमारास ते बियाणे वितरणास काढले. परंतु त्यात खाजगी कंपनीचेच जनुक मिसळलेले असल्याचे निष्पन्न होऊन ते मागे घ्यावे लागले, चौकशी समिती बसली, आणि सारा प्रकल्प बासनात गेला. ही घटना वैज्ञानिक शिस्तीच्या दृष्टीने लांच्छनास्पद होती खरीच. पण त्यापेक्षा दुःखद गोष्ट ही की, तिच्यानंतर सरकारी संस्थांनी ती चूक सुधारून नेटाने पुन्हा उभे राहण्याऐवजी सात-आठ मोलाची वर्षे दबकून काढली.

गुलाबी बोंडअळीचे शास्त्रीय वर्णन प्रथम झाले ते हिंदुस्थानातील कापसावरून, १८४३ साली. विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानी सरकीच्या पोत्यांतून ती ईजिप्तला गेली, ईजिप्तच्या सरकीतून १९११ मध्ये मेक्सिकोत, आणि तेथून १९१७ मध्ये टेक्ससमध्ये. त्याच अमेरिकेने २०१८ च्या ऑक्टोबरात आपल्या कापसाच्या मुलखातून ही कीड समूळ नाहीशी झाल्याची अधिकृत घोषणा केली. जनुक तेच होते. अ‍ॅरिझोनातील शेतकऱ्यांनी प्रथम दहा वर्षे साध्या कपाशीचा आश्रय निष्ठेने राखला. मग २००६ पासून, आपल्या वर्गणीवर चालणाऱ्या केंद्रात वाढविलेले वंध्य पतंग विमानांतून कापसावर सोडण्यात आले, तेही अब्जावधींच्या संख्येने, जेणेकरून बीटीतून वाचलेल्या पतंगास सुपीक जोडीदारच मिळू नये. त्याच्या जोडीला कामगंध सापळे, आणि हंगाम संपताच पऱ्हाटी गाडून टाकण्याची सक्ती. मोठे भूधारक, मोठी भांडवले, कोरडे हवामान, मर्यादित क्षेत्र, या त्यांच्या अनुकूलता आपणांस नाहीत हे मी जाणतो. विमानातून पतंग सोडणे यवतमाळात जमेल असे मी सुचवीत नाही. अमेरिकेत एका व्यक्तीच्या शेतापुरता विचार कोणी केला नाही, कीड हा सबंध खोऱ्याचा प्रश्न मानला गेला, आणि त्यासाठी शेतकऱ्यांनी स्वतःवर कर व निर्बंध लादून घेतले, एवढेच मला सांगावयाचे आहे.

असे निर्बंध आपल्या परंपरेस परके आहेत, हेही खरे नाही. मद्रास इलाख्यात १९१९ साली पिकांवरील कीड व रोग यांसंबंधी कायदा झाला आणि त्यानुसार कंबोडिया कापसाची जुनी झाडे ठराविक तारखेच्या आत उपटून टाकण्याची सक्ती करण्यात आली. त्या परकीय अंमलदारांच्या हेतूंविषयी मला काडीचाही आदर नाही; मँचेस्टरच्या गिरण्यांस स्वच्छ रुई मिळावी हीच त्यांची चिंता. पण कीड ही सामाईक बाब असून तिचा बंदोबस्त तारीखवार व गावनिहाय करावा लागतो, एवढे त्यांस शंभर वर्षांपूर्वी कळले होते. स्वतंत्र महाराष्ट्रात २००९ साली कापूस बियाणे अधिनियम झाला. त्यात किमती, परवाने, नुकसानभरपाईच्या तक्रारी यांची कलमे आहेत. आश्रयाची राखण, फरदडीचा निषेध, जिनिंगच्या आवारात साठलेल्या सरकीतून उन्हाळ्यात उडणाऱ्या पतंगांचा बंदोबस्त, या गोष्टी मात्र मुख्यतः पत्रकांवर व आकाशवाणीवरील आवाहनांवर सोडून दिलेल्या आहेत. अलीकडे हंगामापूर्वीची पेरणी रोखण्यासाठी जून उजाडेपर्यंत बियाणे विकू न देण्याचा जो उपाय योजला गेला, तो मला याच कारणाने स्वागतार्ह वाटतो: तो सर्वांस एकदम लागू होतो.

सार्वजनिक हातांनी हे तंत्रज्ञान हाताळले तर काय होते, याची दोन उदाहरणे आहेत. हवाई बेटावरील पूना भागात १९९२ साली पपईच्या वलयांकित ठिपक्यांचा विषाणू शिरला आणि काही वर्षांत तेथील पपईचे उत्पादन निम्म्यावर आले. त्याच बेटावर जन्मलेले व कॉर्नेल विद्यापीठात काम करणारे डेनिस गोन्साल्विस यांनी त्या विषाणूच्या आवरण-प्रथिनाचे जनुक पपईत घालून ‘सनअप’ व ‘रेनबो’ हे वाण सिद्ध केले, आणि १९९८ मध्ये त्यांचे बियाणे शेतकऱ्यांस विनामूल्य वाटण्यात आले. ती शेती वाचली. त्या पपईस विषाणूच्या स्थानिक वंशापासूनच संरक्षण मिळते, अन्य देशांतील वंशांपासून नाही. म्हणून नंदुरबारच्या वा जळगावच्या बागाईतदाराच्या उपयोगी पडावयाचे तर तसले काम येथल्याच विषाणूवर, येथल्याच विद्यापीठात करावे लागेल. दुसरे उदाहरण अधिक जवळचे आहे. वांग्याचे शेंडे व फळे पोखरणाऱ्या अळीविरुद्धचे बीटी वांगे जालन्यास मुख्य ठाणे असलेल्या महिकोने विकसित केले. २००९ च्या ऑक्टोबरात त्यास मान्यता समितीची संमती मिळाली. नागपूरसह सात शहरांत जाहीर सुनावण्या झाल्या, आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी त्यास स्थगिती दिली. तेच जनुक बांगलादेशाच्या कृषी संशोधन संस्थेने आपल्या सरळ वाणांत घातले, २०१४ च्या जानेवारीत पहिल्या वीस शेतकऱ्यांस रोपे दिली, आणि बी राखून ठेवण्याची मोकळीकही दिली. तेथील फवारणीचा खर्च एक-तृतीयांशाहून अधिक घटल्याचे पाहण्या सांगतात. स्थगिती देताना मंत्रिमहाशयांनी जी सावधगिरी दाखविली तिच्याशी माझे भांडण नाही. वांग्याच्या वाणांचे वैविध्य या देशात फार मोठे आहे व त्याची काळजी घेणे कर्तव्यच होते. परंतु स्थगितीनंतर जे प्रयोग करावयाचे ते वर्षानुवर्षे न करता प्रश्न दप्तरात बांधून ठेवणे, आणि दरम्यान बाजारात येणाऱ्या प्रत्येक वांग्यावर दर आठवड्यास विष फवारले जात राहणे, याला मी सावधगिरी म्हणू शकत नाही. बांगलादेशानेही निश्चिंत राहू नये. तेथेही जनुक एकच आहे, आणि ही अळीही मुख्यतः वांग्यावरच जगते.

या निर्णयशून्यतेचाच परिणाम म्हणजे तणनाशकास दाद न देणाऱ्या चोरट्या कपाशीचा सुळसुळाट होय. २०१९ च्या जूनमध्ये अकोला जिल्ह्यातील अकोली जहागीर येथे शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी ती उघडपणे पेरून कायदेभंग केला. संघटनेचे संस्थापक शरद जोशी यांच्या विचारातून आलेली तंत्रज्ञान-स्वातंत्र्याची ही मागणी मी आदराने ऐकतो. निंदणीची मजुरी न परवडणाऱ्या शेतकऱ्यावर फौजदारी गुदरणे हा उपाय नव्हे. तथापि चोरट्या पिशवीत कोणते जनुक किती प्रमाणात आहे याची हमी कोणी देत नाही, तिच्यासोबत आश्रयाचा प्रश्नच उद्भवत नाही, आणि अर्धवट विषाच्या झाडांवर अळी पोसली जाऊन जे नुकसान होते ते पेरणाऱ्यापुरते राहत नाही. ज्या संघटनेत हजारो शेतकऱ्यांस एका दिवशी रस्त्यावर उतरविण्याचे सामर्थ्य होते, तिनेच गावोगाव आश्रयाच्या ओळी राखण्याचा व एका तारखेस पऱ्हाटी उपटण्याचा कार्यक्रम हाती घेतला असता, तर सरकारी पत्रकांनी न साधलेले बरेच काही साधले असते. आजही साधेल.

आता नव्या जनुकांची चर्चा सुरू आहे, आणि त्यांस परवानगी मिळावी याच मताचा मी आहे. मात्र पूर्वीच्याच रीतीने नव्हे. परवानगीचा पहिला हक्क सरळ व अल्प मुदतीच्या, दाट लागवडीच्या वाणांस असावा, आणि ती वाणे अकोला, परभणी, राहुरी येथील विद्यापीठांत व नागपूरच्या संस्थेत तयार व्हावीत. लहान शेतकऱ्याने राखलेल्या आश्रयाची भरपाई जनुकाच्या स्वामित्वशुल्कातून व्हावी. आणि किडीच्या प्रतिकाराचे दरसालचे मापन, जे आज संशोधकांच्या नियतकालिकांत दोन-तीन वर्षांनी छापून येते, ते तालुकावार व त्याच हंगामात जाहीर व्हावे. जूनमध्ये बियाण्याची पिशवी हातात घेण्यापूर्वी आपल्या तालुक्यातील अळी कोणत्या जनुकास कितपत दाद देईनाशी झाली आहे, हे शेतकऱ्यास तलाठ्याच्या दप्तरात पीकपेऱ्याच्या नोंदीइतक्याच सहजपणे वाचावयास मिळाले पाहिजे.